ट्रॅप्ड: 'खिडकीतून ओरडला असता तर सुटला असता' म्हणणाऱ्यांसाठी

चिमटेवाली

परवा 'सध्या काय पाहताय' या धाग्यावर फडेफशो यांनी विक्रमादित्य मोटवानेच्या 'ट्रॅप्ड'वर चार ओळी टाकल्या. जशाच्या तशा देते:

"एक माणूस, एक फ्लॅट, पावणेदोन तास. दार लागलं म्हणून अडकला. अरे मुंबईत राहतोस ना? खिडकीतून ओरड, दहा मिनिटांत सुटशील. शॉर्ट फिल्मचा विषय लाटून लाटून पापड केलाय."

त्याखाली +१ ची रांग. मी तिथेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते इतकं वाढत गेलं की वेगळा धागा काढला. पुढे कथा फुटणार आहे. सिनेमा १७ मार्च २०१७ चा आहे, तेव्हा आता रडारड नको.

उजळणी म्हणून: शौर्यला (राजकुमार राव) दोन दिवसांत घर हवंय, कारण नूरीचं (गीतांजली थापा) लग्न दुसरीकडे ठरलंय. कुणीतरी एक इसम त्याला प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये पस्तिसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळवून देतो. टॉवरचं नाव 'स्वर्ग'. कोर्टकज्जात अडकलेला, आख्खा रिकामा. सकाळी घाईत चावी बाहेर कुलपात राहते, हा आत राहतो आणि दार लागतं. मग वीज जाते, पाणी जातं, फोन मरतो.

आता 'ओरड'बद्दल. एक मजला तीन मीटरचा धरा, पस्तीस मजले म्हणजे शंभर मीटरच्या वर. खाली प्रभादेवीची रहदारी. वॉचमनला आधीच कमी ऐकू येतं. कोणाला ऐकू जाणार?

मी घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी सकाळी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले आणि आमच्या दीड वर्षाच्या चिरंजीवांनी सरकत्या दाराचा खटका आतून खाली पाडला. पाडता आला, वर करता येईना. काचेला तळवा लावून हसत उभा. फोन सोफ्यावर. गॅसवर कुकर.

ओरडले. खाली गेटवर वॉचमन दांडा वर-खाली करत होता, दोन आज्या बाकावर बसल्या होत्या, स्कूल बस येऊन गेली. एकानेही मान वर केली नाही. मग टोपलीतले चिमटे टाकायला लागले. चिमटा सरळ पडत नाही, वाऱ्याने भलतीकडे जातो. एक मात्र एका गाडीच्या टपावर बरोबर पडला. गृहस्थ उतरले, वर बघितलं. झाडाकडे. झाडाला काहीतरी बोलले आणि गेले. शहरातल्या माणसाचं 'वर' झाडाशी संपतं हे मला त्या दिवशी कळलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, सातव्या शिट्टीनंतर मोजणं सोडलं. कामाच्या मावशींकडे चावी असते, त्या आल्या तेव्हा एक तास चाळीस मिनिटं झाली होती. तेवीस चिमटे खाली होते.

सिनेमात तो गलोलीने वस्तू मारतो, पुठ्ठ्यावर रक्ताने मदत मागतो, ते बघताना थिएटरात माझ्या मागचा मुलगा हसत होता. मीही तेव्हा हसलेच होते बहुधा. गॅलरी प्रकरणानंतर परत पाहिला, तेव्हा मात्र नाही. खिडकीतून सगळं शहर दिसतंय, दिवे लागतायत, आणि त्या शहराला हा दिसत नाही. ज्या उंदराला आधी घाबरतो त्याच्याशीच नंतर गप्पा मारतो. हा पापड असेल तर मला असे पापड डबाभर द्या.

---

फडेफशो

माझ्या चार ओळींवर आख्खा धागा! धन्य झालो.

ताई, तुमचा किस्सा भारी आहे, पण सिनेमा तुमच्या किश्शावर नाही. १) दोन दिवसांत जिच्याशी लग्न करायचंय ती मुलगी शोध घेत नाही. २) ऑफिसातून चौकशी नाही. ३) आधी ज्यांच्यासोबत राहायचा ते रूममेट गप्प. मी अर्धा दिवस फोन उचलला नाही तर आमची आई शेजाऱ्यांच्या दारावर धडका मारते.

आणि सस्पेन्स कुठाय? 'कौन' बघा. १९९९, राम गोपाल वर्मा. एक घर, पाऊस, उर्मिला, दाराबाहेर मनोज वाजपेयी, नंतर सुशांत सिंग. तीन माणसं, दीड तास, एक गाणं नाही. प्रत्येक क्षणी वाटतं हा खोटं बोलतोय की ती. त्याला म्हणतात एका जागेतला थरारपट. इथे हिरो आणि कबूतर. पोस्टरवरचा नट पहिल्या अर्ध्या तासात मरणार नाही हे शेंबडं पोर सांगेल.

---

तिसरी घंटा

दोघांचंही मला काही समजत नाही. 'एकाच जागेत घडतो' याचं एवढं कौतुक मराठी माणसाने करावं? आपण पिढ्यानपिढ्या एक दिवाणखाना, तीन दारं, एक खिडकी आणि एक टेलिफोन यावर रहस्यनाट्यं बघत आलो. फडेफशो ज्याची भलामण करतायत त्या 'कौन'च्याही तीस वर्षं आधी यश चोप्रांनी 'इत्तेफाक' केला, १९६९, त्यातही गाणी नाहीत, आणि तो मुळात 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून. म्हणजे फिरून रंगभूमीच.

दार लागणं म्हणाल तर तेंडुलकरांनी ते कधीच वापरून ठेवलंय. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बेणारेबाईंचं बोट सुरुवातीलाच कडीत चेमटतं. प्रेक्षक हसतो. नंतर त्या निघायला जातात तर दार बाहेरून लागलेलं. एका कडीत आख्खं नाटक आहे. तिथे उंदीर लागला नाही.

सिनेमाला खोली वाढवता येत नसेल तर निदान आवळता तरी आली पाहिजे. अमेरिकन दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने १९५७ साली '१२ अँग्री मेन'मध्ये तेच केलं: सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, लेन्स रुंद. हळूहळू कॅमेरा खाली, लेन्स लांब पल्ल्याच्या. भिंती जवळ येतात, छत डोक्यावर येतं, आणि आपल्याला कळतही नाही का गुदमरतंय. मोटवान्यांनी काय केलं? राजकुमार रावला उपाशी ठेवलं.

(अवांतर: गेल्या रविवारी नाटकाला गेलो होतो. दुसऱ्या अंकात, ऐन शांततेत, चौथ्या रांगेतल्या बाईंचा फोन वाजला. उचलला! "हो गं, नाटकाला आलेय, हो, बरं आहे." नटाने थांबून त्यांच्याकडे बघितलं तर म्हणतात, "चालू द्या.")

---

चिमटेवाली

@फडेफशो, दोन दिवसांवर लग्न, आणि हा गायब. नूरीला काय वाटेल? पळाला. कुठलीही मुलगी हेच समजेल. शेवटी तिचं लग्न झालेलंच असतं ना. तुम्ही ज्याला कथेतलं भोक म्हणताय तीच गोष्ट आहे.

@तिसरी घंटा, ल्युमेटच्या खोलीत बारा माणसं बोलतायत. तिथे भिंती आवळाव्या लागतात, कारण धोका माणसांत आहे. इथे खोली मोठीच वाटली पाहिजे. रिकामा, सामान नसलेला, नव्या रंगाचा फ्लॅट. आपण अशा फ्लॅटचं स्वप्न बघतो हो! हवेशीर, उजेड, व्ह्यू. त्यातच तो मरायला टेकलाय.

बाकी 'चालू द्या' थोर आहे.

---

कडीकोयंडा

नमस्कार. सिनेमातलं मला फार कळत नाही. सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं. मुलाने लिंक पाठवली म्हणून वाचलं.

सगळे ओरडण्यावर भांडताय, मूळ प्रश्न कुलपाचा आहे. साधं नाइट लॅच आतून खटका ओढला की उघडतं, चावी बाहेर असली तरी. मग हा अडकला कसा, असं गिऱ्हाईकही मला विचारतं. तर काही लॅचना बाहेरून चावी जादा फिरवली की दुसरी पायरी बसते, मग आतला खटका नुसता लटपटतो. शिवाय पडून राहिलेल्या फ्लॅटमधलं कुलूप म्हणजे आत गंज, स्प्रिंग मेलेली. बिल्डर लोक घाऊकात सगळ्यात स्वस्त माल उचलतात हे मी बिलं फाडताना रोज बघतो. सिनेमा कुलूप उलगडून दाखवत बसत नाही, पण अशक्य अजिबात नाही. महिन्याला एखादा तरी किस्सा माझ्या काउंटरवर येतो.

---

रेघोट्या

कडीकोयंडा, नमस्कार! आमच्या सासूबाई बाथरूममध्ये अडकल्या होत्या. पावसाळ्यात दार फुगलं, आतली कडी ओढताना मूठ हातात आली. चाळीस मिनिटं. सासरे बाहेरून धीर देत होते, "घाबरू नकोस, पाणी आहे ना तिथे." ते त्यांना अजून ऐकवलं जातं.

---

दाम्या

हसायला येतं. बाथरूम, गॅलरी, लॅच... दार तोडा ना! बिल्डरचं फ्लश डोअर म्हणजे दोन पातळ प्लाय आणि मध्ये भुसा. दोन लाथांत जातं. मी स्वतः तोडलंय, कॉलेजात असताना हॉस्टेलवर. मित्र आत झोपला होता, उठेना. एक लाथ, कडीसकट दार आत. राजकुमार राव एवढा मरतुकडा असेल तर त्याला दोष द्या.

---

फडेफशो

+१००. हेच म्हणत होतो. धन्यवाद दाम्या.

---

कडीकोयंडा

दाम्या साहेब, तुम्ही बाहेर होता की आत?

---

दाम्या

बाहेर. का?

---

कडीकोयंडा

त्यातच सगळं आलं.

फ्लॅटचं मुख्य दार आपल्याकडे आत उघडतं. चौकटीला खाच असते, त्या खाचेवर दार येऊन टेकतं. बाहेरून लाथ घातली की सगळा जोर लॅचच्या जिभेवर आणि चार स्क्रूंवर, ते उपटून येतात. आतून लाथ घातली की तुम्ही दार चौकटीवर आणखी दाबताय. जितका जोर तितकं घट्ट. आतून ते ओढावं लागतं, आणि ओढायला हातात काय? एक बोटभर मूठ. पाय असून उपयोग नाही.

---

चिमटेवाली

कडीकोयंडा, तुम्हाला दंडवत. इतकी वर्षं मी या सिनेमासाठी भांडतेय, हा मुद्दा कधी सुचला नाही.

---

फडेफशो

थांबा थांबा. दार आत उघडतं ना? मग बिजागऱ्या आतल्या बाजूला आल्या. पिना ठोकून वर काढा, दार हातात येईल. इतका हुशार माणूस, गलोल बनवतो, त्याला बिजागरी दिसली नाही? चेकमेट.

---

कडीकोयंडा

प्रश्न चांगला आहे. उत्तर दुकानात येऊन बघा. आपल्याकडच्या साध्या बिजागरीची पिन दोन्ही टोकांना ठोकून बसवलेली असते, ती निघत नाही. निघणारी पिन मागवावी लागते, ते गिऱ्हाईक वर्षात एखादं. आणि स्क्रू म्हणाल तर दार बंद असताना ते पट्ट्यांच्या मध्ये दबलेले. म्हणजे स्क्रू काढायला आधी दार उघडावं लागेल.

---

एडिसनचा बाब्या

इकडे न्यू जर्सीत असा सिनेमा निघूच शकत नाही. भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड मारलेल्या. दार लागलं तर शेजारच्या भिंतीतून हात घालून बाहेरून चावी फिरवायची. माझ्या मुलाने सायकलने भिंतीला भोक पाडलंय.

---

रेघोट्या

@एडिसनचा बाब्या, म्हणजे तुम्ही तिकडे खोक्यात राहता असं म्हणायचंय का? ह. घ्या.

---

ओसीग्रस्त

तुम्ही सगळे कुलपात अडकलाय. मी 'स्वर्ग'मध्ये राहिलोय. खरोखर. नाव वेगळं, बाकी तेच.

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नसलेली इमारत. बिल्डरने 'फिट-आउटसाठी' म्हणून ताबा दिला, सही घेतली, आम्ही भोळेपणाने राहायला गेलो. २७ मजले, राहणारी कुटुंबं नऊ. वीज बांधकामाच्या मीटरवर. रात्री दहाला लिफ्ट बंद, कारण जनरेटरचं डिझेल कोण भरणार. पाणी टँकरचं. आमच्या मजल्यावर चार दारं, तिघांवर बिल्डरचं कुलूप. रात्री वाऱ्याने एखादं दार आपटायचं तेव्हा बायको म्हणायची, कुणीतरी आलं. कोणी नसायचं. तीन वर्षं काढली. माझ्या मुलीला अंधारात जिना मोजत चढायची सवय लागली, अजूनही ओठांत आकडे पुटपुटते.

सिनेमा पाहिला तेव्हा मला राजकुमार रावपेक्षा ते रिकामे मजले बघून घाम फुटला. मुंबईत एवढा मोठा टॉवर रिकामा कसा, असं माझा पुण्याचा मेव्हणा विचारत होता. असा! परवानगी एक, बांधकाम भलतंच, मग कोर्ट, मग वर्षं. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये परवानगी पाच मजल्यांची होती, एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. प्रभादेवीपासून किती लांब आहे ते? हाकेच्या अंतरावर. (हाक कोणाला ऐकू येत नाही हा भाग वेगळा.)

आणि एक बघा. सिनेमा आला १७ मार्च २०१७ ला, बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराचा कारभार सुरू झाला १ मे २०१७ पासून. दीड महिना फक्त. शौर्यने थोडी कळ काढायला हवी होती.

---

रेघोट्या

ओसीग्रस्त, आमच्याकडेही ओसी नाही. अकरा वर्षं. सोसायटी स्थापन करायला गेलो तर बिल्डर म्हणतो आधी उरलेले फ्लॅट विकू द्या. पाण्याला जादा दर. तुम्ही तक्रार कुठे केलीत? वकील किती घेतो?

---

ओसीग्रस्त

व्यक्तिगत निरोप केलाय. इथे सांगितलं तर रक्तदाब वाढतो.

---

दाम्या

माझं पण हेच. कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर) झालं का कुणाचं? इथे पण लिहा, सगळ्यांना उपयोग होईल.

---

तिसरी घंटा

सिनेमाचा धागा आहे ना हा? की सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा?

---

सुरळीची वडी

मी वाट बघत होते कोणी तरी मांडेल, पण सगळे दार आणि बिल्डर! त्या सिनेमातली सगळ्यात आक्षेपार्ह गोष्ट म्हणजे शुद्ध शाकाहारी माणसाला कबूतर खाताना दाखवलंय. काय गरज होती? शाकाहार म्हणजे पोट भरलेलं असतानाचं नाटक, असंच सुचवायचंय ना?

---

दाम्या

मग काय खायला हवं होतं? पस्तिसाव्या मजल्यावर उपासाची मिसळ?

---

सुरळीची वडी

तुमच्यासारख्यांशी बोलण्यात अर्थ नाही. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर जगले, पण तत्त्व सोडलं नाही.

---

चिमटेवाली

सुरळीची वडी, उलट आहे हो. त्याला ते सोपं गेलं असतं तर मी तुमच्या बाजूने असते. किती दिवस टाळतो, किती रडतो! त्या घासाला किंमत आहे ती तो शाकाहारी आहे म्हणूनच. माझ्यासारखीने खाल्लं असतं तर तो नुसता स्वयंपाकाचा कार्यक्रम झाला असता.

---

दाम्या

रच्याकने, कबुतरांचा सूड बघा. २०२५ मध्ये महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तर आंदोलकांनी ताडपत्री फाडली. राजकुमार रावसाठी कोणी खालून वर बघितलं नाही!

---

फडेफशो

सगळं वाचतोय. एकाने कुलूप आणलं, एकाने बिल्डर, एकीने कबूतर, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही: सस्पेन्स कुठाय?

आणि चिमटेवाली ताई, स्पष्ट बोलतो. दीड वर्षाचं मूल आत, गॅसवर कुकर, आणि तुम्ही फोन न घेता गॅलरीत? चूक कोणाची? तसंच शौर्यचं. स्वतःच्या निष्काळजीपणाला थरार म्हणायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या.

---

चिमटेवाली

वा. वाटच बघत होते हे वाक्य कधी येतंय याची.

तुम्ही कपडे वाळत घालायला फोन घेऊन जाता का? की मुळात वाळतच घालत नाही? तो पाऊण तास... नाही, एक तास चाळीस मिनिटं, काचेपलीकडे माझा मुलगा आधी हसला, मग रडला, मग रडून रडून जमिनीवर झोपला, कुकरपासून दहा फुटांवर. पहिल्यांदा हे लिहिलं नव्हतं, कारण सिनेमाबद्दल बोलायचं होतं. सस्पेन्स कुठाय विचारताय ना? तिथे होता. कुकर फुटणार नाही हे मला माहीत होतं. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, शिकलेली आहे मी. माहीत असून काही फरक पडला नाही. तुमचा 'हिरो मरणार नाही हे माहीत असतं' हा मुद्दा मी त्या गॅलरीत तपासून बघितलाय.

---

संपादक

वैयक्तिक शेरे नकोत. सोसायटीच्या प्रश्नांसाठी वेगळा धागा आहे, प्रतिसाद तिकडे हलवू.

---

ओसीग्रस्त

हलवा. तिकडेही ओसी मिळणार नाही.

---

तिसरी घंटा

चिमटेवालींचा शेवटचा प्रतिसाद दोनदा वाचला. नाट्यवस्तू म्हणून पहिल्या दर्जाची आहे. एक बाई, एक काच, एक कुकर. शिट्टी हाच घड्याळाचा ठोका. सेट म्हणून सरकतं दार पुरे. सिनेमा मला तरीही आवडला नाही. पण काल रात्री परत लावून बघितला (नात म्हणाली, आजोबा हेडफोन घाला), आणि आवाजाच्या बाबतीत मी अन्याय केला होता. आमच्या टीव्हीच्या भोंग्यावर तेव्हा काही कळलंच नव्हतं. ल्युमेट भिंती आवळतो, हा शांतता आवळतो. एवढं मान्य. उंदराशी संवाद मात्र जास्त झाले. आमच्या काळी नट मुक्याने दहा मिनिटं खेचायचे.

---

कडीकोयंडा

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी गॅलरीच्या दाराचा खटका काढून टाका किंवा मूल पोहोचणार नाही इतक्या उंचीवर नवा लावा. खर्च किरकोळ आहे. आणि एक चावी शेजारी ठेवा. शेजाऱ्याशी पटत नसेल तर आधी पटवून घ्या.

---

रेघोट्या

शेजारी बिल्डरचं कुलूप असेल तर?

---

फडेफशो

मूल रडून कुकरजवळ झोपल्याचं आधी लिहिलं असतंत तर ते वाक्य मी लिहिलं नसतं. मागे घेतो. दारावरचा मुद्दाही मागे घेतो. कडीकोयंडांशी वाद घालायला मला सांगलीला यावं लागेल. नूरीवर ठाम आहे, एक फोन तरी लावायचा बाईने. 'कौन'वर तर ठामच.

ओरडण्याचं मात्र मी स्वतः करून बघितलं. आमची गच्ची म्हणजे सातवा मजला, पस्तीस नव्हे, नीट वाचा. रविवारी सकाळी बायको खाली भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. वरून पूर्ण जोर लावून हाक मारली. तीनदा. तिने बघितलं नाही. भाजीवाल्याने नाही. रिक्षावाल्याने नाही. समोरच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या काकूंनी बघितलं, आणि म्हणाल्या, "अहो, हळू. बाळ झोपलंय."

यातून काहीही सिद्ध होत नाही. रविवारी रहदारी जास्त असते.